धुऱ्यापलीकडचा हरभरा

शेषेरावांनी कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त फोन थोडासा उजवीकडे वळवला होता.

झालं असं की त्यांचा मुलगा सुदर्शन दिवाळीला लातूरहून गावी आला आणि जाताना आपला जुना फोन बापाच्या हातात ठेवून गेला. सुनेनं, पुनमनं, त्यात एक ग्रुपही लावून दिला. नाव ‘हरभरा मित्र मंडळ’. "मामा, ह्यात समदे शेतकरीच हायत," ती म्हणाली. "तुमाला करमंल."

करमत नव्हतं हे खरंच होतं. गाव किल्लारीच्या अंगाचं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. रस्ते रुंद, घरं सरळ रांगेत, एकासारखं एक. जुन्या गावात ओट्यावर बसलं की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी कुजबुजत बोलता यायचं. नव्या गावात समोरच्याला हाक मारावी लागते, आणि शेषेरावांना हाक मारणं कधी जमलंच नाही. ते मुळात हळू बोलणारे. (त्यांची बायको सिंधुबाई म्हणायच्या, "तुमचं एक वाक्य हुईस्तोवर माज्या चार भाकरी हुत्यात.") माणसं त्यांचं बोलणं संपायची वाट न बघता निघून जायची. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांना कामं असायची.

फोनमधली माणसं मात्र थांबायची. शेषेराव एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायचे, आणि कितीही वेळ लागला तरी पलीकडचा माणूस उठून जात नव्हता. निदान गेलेला दिसत नव्हता.

ग्रुपवर सकाळी सगळ्यांचा राम राम व्हायचा. मग कुणी बीडकडचा आपली गाभण म्हैस दाखवायचा, कुणी परभणीचा अळीचा फोटो टाकून "ही कोणती?" म्हणून विचारायचा, आणि अळीचं नाव ठरेपर्यंत तिच्यावरून भांडणही व्हायचं. मग मध्येच कुणीतरी लिहायचं, "चहा झाला का?" ज्याला कधी पाहिलं नाही, पाहायचा योगही नाही, त्याचा चहा झाला का ही काळजी! शेषेरावांना ह्या प्रश्नाचं फार अप्रूप वाटायचं. ते रोज उत्तर द्यायचे, "झाला. तुमचा?"

एक दिवस ग्रुप चालवणाऱ्या संघपालनं, तो नांदेडचा तरुण पोरगा, लिहिलं, "शेषेराव काका, तुमच्याकडचा हरभरा कसा आहे? फोटो टाका."

शेषेराव रानात गेले. धुऱ्यावर, म्हणजे दोन रानांमधल्या बांधावर, उभे राहिले. डावीकडे त्यांचा हरभरा होता. त्याच्याकडे बघून त्यांनाच वाईट वाटलं. काळ्या रानात पाट भरून मोकळं पाणी सोडलं होतं, तेव्हापासून झाडं जागोजागी पिवळी पडून बसली होती. जशी काही एसटीची वाट बघून थकली होती. उजवीकडे रामलिंगचा हरभरा. हिरवागार, बुटका, अंगानं भरलेला, फुलाला आलेला. मधून जाताना वाऱ्यालाही ‘सरका जरा’ म्हणावं लागेल असा.

त्यांनी फोन वर धरला. फोन डावीकडे धरला होता, अशी त्यांची आठवण आहे. पण हात जरा हलला, आणि तो उजवीकडे गेला.

फोटो गेला. खाली त्यांनी काहीही लिहिलं नाही. ‘हा माझा’ असं तर मुळीच नाही.

ग्रुप नुसता पेटला. "एक नंबर!" "वा काका!" "ह्याला म्हणतात शेती!" टाळ्या काय, अंगठे काय. शेषेराव धुऱ्यावरच मटकन बसले. त्यांच्या उभ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी त्यांना एकदम वा म्हटलं नव्हतं. लग्नातही नाही.

(खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ते लिहायला घेईपर्यंत आणखी टाळ्या आल्या.)

इथं रामलिंगबद्दल सांगायला हवं. रामलिंग म्हणजे शेषेरावांचा धाकटा चुलत भाऊ. शेताला शेत लागून. पण मधल्या धुऱ्यावरून दोघांचं बिनसलेलं. शेषेरावांचं म्हणणं, रामलिंगनं नांगरताना धुरा एका तासानं, म्हणजे नांगराच्या एका रेघेनं, आमच्या रानात सरकवला. रामलिंगचं म्हणणं, दादानंच सरकवला. धुरा मुकाट आहे तिथंच होता. पण ह्या दोघांनी बोलणं टाकलं, आणि एकमेकांच्या रानात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. बायकांनी असलं काही ठरवलं नव्हतं. सिंधुबाई आणि त्यांची धाकटी जाऊ रोज नळावर भेटायच्या, हसायच्या, आणि घरी येऊन नवऱ्यांना काही सांगायच्या नाहीत.

तर, फोटो चालू झाले. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी मागायचं, आणि शेषेराव धुऱ्यावरून उजवीकडे टिपायचे. फोटोखाली लोक विचारायचे, "काका, पाणी कसं दिलं?" इथं शेषेरावांचा खरेपणा आडवा यायचा. दुसऱ्यानं केलेलं आपण केलं असं लिहिणं त्यांना पटायचं नाही. म्हणून ते आपण जे केलं होतं तेच प्रामाणिकपणे लिहायचे. "मोकळं सोडलं. पोटभर."

म्हणजे फोटो रामलिंगचा आणि सल्ला शेषेरावांचा. ह्यातून काय होईल हे कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं कुणाला?

ह्याच ग्रुपवर त्यांना गुरुपादप्पा भेटले. उदगीरचे किराणा दुकानदार. बायको, पार्वतम्मा, गेल्यावर त्यांनी दुकान मुलाला, महांतेशला, देऊन टाकलं होतं. बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याला दिलेलं रान परत हातात घेतलं होतं आणि पहिल्यांदाच स्वतः पेरलं होतं. कानानं अगदी कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवर बोलणं नाही. लिहिणंच. दोघं ग्रुपच्या आड, आपसात लिहू लागले.

"शेषेराव, आज रानात बसलो. पार्वतम्मा असती तर डबा आला असता."

शेषेराव अक्षरं शोधत शोधत उत्तर द्यायचे, "अप्पा, आमच्या हिनं धपाटे दिलेत. तुमच्या नावानं एक घास खातो." आणि खरंच खायचे.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा माणूस भेटला होता, ज्याला त्यांच्या बोलण्याची घाई नव्हती.

मग एक दिवस अप्पांनी आपल्या रानाचा फोटो टाकला. पिवळा. जागोजागी बसलेला. खाली लिहिलं होतं, "तुम्ही सांगितलं तसंच मोकळं पाणी दिलं. तुमचा बघा कसा हिरवा, आणि माझा बघा. माझ्या हातालाच गुण नाही शेषेराव. आयुष्यभर तराजू धरलेला हात. मातीला कळतं."

शेषेरावांच्या घशातून घास उतरेना. "काय झालं?" सिंधुबाईंनी विचारलं. "ठसका," ते म्हणाले. खरं लिहायचं म्हणून त्यांनी फोन घेतला. ‘अप्पा’ लिहिलं. मग वाटलं, खरं कळलं तर हा माणूस परत लिहायचा नाही. त्यांनी पुढं लिहिलं, "धीर धरा. येईल वर." आणि स्वतःचीच लाज वाटून फोन ज्वारीच्या कणगीत ठेवला. रात्री जेवायच्या आधी परत काढला. (उत्तर आलं का ते बघायला.)

अशात येळवस आली. पुण्या-मुंबईच्या लोकांना वेळ अमावस्या म्हटलं तरी कळायचं नाही, आणि आमच्याकडं त्या दिवशी अख्खं लातूर शहर ओस पडतं. जो तो रानात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, आंबील, शेंगाभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर रानात न्यायची, आणि येईल त्याला जेवू घालायचं. ‘तू कोण?’ असं त्या दिवशी विचारत नाहीत. आणि आधी आठ दिवस भेटेल त्याला म्हणायचं असतं, "येळवशीला या बरं का." तो म्हणतो, "येतो की." दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येत नाही, कारण ज्याचं त्याचं रान असतं. ही आमची राम राम घालायची एक तऱ्हा आहे.

शेषेरावांनी तीच राम राम ग्रुपवर घातली. "समद्यांनी येळवशीला यावं."

ग्रुपवर बाहेरगावची माणसं आहेत, त्यांना ही तऱ्हा ठाऊक नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. (अप्पा उदगीरचे, त्यांना ठाऊक होती; पण पार्वतम्मा नसताना त्यांच्या रानात कोप होणार नव्हती.) अंगठे आले. संघपालनं लिहिलं, "काका, लोकेशन टाका." लोकेशन टाकायला पुनमनं शिकवलं होतं, आणि शिकलेलं वापरायची हौस कुणाला नसते? शेषेराव नेहमीच्या जागी, धुऱ्यावर, उभे राहिले आणि बटण दाबलं.

येळवशीच्या सकाळी कोपीपुढं सारवताना फोन वाजला. संघपाल: "काका निघालो. उदगीरहून अप्पांना घेतलंय. बीड, परभणीचे पण आहेत. क्रुझर फुल्ल."

शेषेराव सारवलेल्यावरच बसले.

"आता काय झालं?" सिंधुबाई म्हणाल्या.

"ठसका."

"कायबी न खाता?"

त्या वर्षी सुदर्शन-पुनम निलंग्याला पुनमच्या माहेरच्या रानात गेले होते. कोपीवर नवरा-बायको दोघंच. तरी सिंधुबाईंनी सवयीनं गावजेवण घालावं एवढं रांधलं होतं. वाटेकडं बघत त्या सारख्या म्हणत होत्या, "एक तरी परका मानूस जेवला पायजे बाई कोपीवर. न्हाईतर कसली येळवस." आणि शेषेराव मनात म्हणत होते, येतोय. क्रुझर भरून येतोय.

त्यांनी ठरवलं, वाटेवर उभं राहायचं, गाडी थांबवायची, पाहुणे आपल्या कोपीवर आणायचे, आणि हरभऱ्याकडं बोट करून म्हणायचं, "काय सांगावं, कालच मर रोग लागला." (एका रात्रीत एवढी मर लागत नाही हे अळीवरून भांडणाऱ्यांना कळलं असतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.)

पण तोंड धुवायला ते विहिरीवर गेले, तेवढ्यात क्रुझर आली. फोन दाखवील तशी आली आणि नीट रामलिंगच्या रानात शिरली. लोकेशनही तिथलंच पडलं होतं आणि फोटोतला हरभराही तिथंच होता. चुकायला जागाच नव्हती. माणसं भराभर उतरली. "हाच! हाच हरभरा!" म्हणत सगळे बांधावर उभे राहिले. त्यांच्यामागून पांढरं धोतर, कपाळाला भस्म, अंगानं बारीक असा एक म्हातारा सावकाश उतरला. कोपीपुढं उभ्या रामलिंगकडं बघून त्याचे डोळे भरले. "शरणार्थ शेषेराव, शरणार्थ," असा नमस्कार करत अप्पांनी रामलिंगला मिठी मारली.

शेषेरावांनी विहिरीवरून हाक मारायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

रामलिंग बोलण्यात कमी. त्यानं एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा त्यांच्या फोनमधल्या आपल्याच हरभऱ्याकडं बघितलं, आणि मग धुऱ्याच्या दिशेनं बघितलं. शेषेराव खाली वाकले.

"या, बसा," रामलिंग म्हणाला. "हात धुवा."

येळवशीला ‘तू कोण’ विचारत नाहीत. ‘मी तो नव्हे’ असंही सांगावं लागत नाही.

शेषेराव वाकत वाकत आपल्या कोपीत येऊन बसले.

"भावजींकडं एवढी मानसं कुटली आली?" सिंधुबाई टाचा उंचावून बघत होत्या. "चांगली गाडी करून आलीत."

"असतील."

"आपल्याकडं कुत्रं फिरकंना, अन् तिकडं बगा."

तेवढ्यात शेषेरावांचा फोन वाजला. अप्पा. शेषेरावांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा आंबिलीसारखा झाला. सिंधुबाईंनी फोन ओढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळं अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या.

"‘शेषेराव, पो-चलो. तुमच्या शेजारीच बसलोय. तुम्ही फोनवर एवढं लिहिता, आणि समोर गप्प. मी आल्यानं अव-घडलात का?’" त्या थांबल्या. "शेजारी? कुनाच्या शेजारी? हितं तर मी बसलेय."

मग सांगावंच लागलं. शेषेरावांनी सगळं सांगितलं. हळूहळू सांगितलं, आणि ह्या वेळी सिंधुबाईंनी वाक्य संपेपर्यंत वाट बघितली. ते जास्त अवघड गेलं.

"म्हंजे भावजींचा हरबरा तुमी मिरवला."

"मिरवला न्हाई. नुस्ता दावला."

"अन् पान्याचं आपलं सांगितलं."

"खोटं कसं सांगू?"

सिंधुबाईंनी कपाळाला हात लावला. नेमका तेव्हा धुऱ्यापलीकडून संघपालचा आवाज आला. "काका, एवढं मोकळं पाणी देऊन हरभरा पिवळा कसा नाही पडला? आमच्या अप्पांचा तर पडला."

"मोकळं पानी?" रामलिंग म्हणाला. आवाज मुद्दाम चढवला होता की काय, कुणास ठाऊक. "काळ्या रानात हरबऱ्याला मोकळं पानी? असलं येड्यावानी कोन करतंय? मी तुषारनं देतो. हलकं."

"पण ग्रुपवर तुम्हीच लिहिलंत."

रामलिंगनं धुऱ्याकडं एक नजर टाकली. "लिव्हताना मानूस काय बी लिव्हतंय," तो म्हणाला.

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत, कारण त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ते फोन हातात धरून उत्तराची वाट बघत बसले होते. शेषेरावांना कडब्याच्या फटीतून ते दिसत होते.

त्यांनी लिहायला घेतलं. ‘अप्पा मी’

पलीकडं अप्पांनी फोनकडं बघितलं. शेषेराव लिहीत आहेत, असं फोन सांगत होता. त्यांनी शेजारी बघितलं. शेजारच्या शेषेरावांचा हात मनगटापर्यंत भज्जीत होता. अप्पांनी परत फोन बघितला. अजून लिहीतच होते. परत हात बघितला. भज्जीतच. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला, आणि रामलिंगचा दुसरा हात शोधू लागले. तो हात उंडा मोडत होता.

"बगा, बगा त्या मानसाचं काय चाललंय," सिंधुबाई म्हणाल्या. "परक्या गावचा मानूस तुमच्यावर इस्वास टाकून आला, अन् तुमी त्याला येड्यात काढताय. उठा!"

"मी धुरा वलांडनार न्हाई. ठरलंय आमचं."

"फोटू वलांडून जातोय, तो चालतो?" त्यांनी आंबिलीचं मडकं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि भज्जीचं पातेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "क्रुझरभर मानसं धाकटीला पुरनार हायत का? चला."

अशा रीतीनं शेषेरावांनी कितीतरी वर्षांनी धुरा ओलांडला. ओलांडताना पाय घसरला आणि थोडी आंबील धुऱ्यावर सांडली. (ती नेमकी कुणाच्या बाजूला सांडली ह्यावर दोघांचं अजून एकमत नाही.)

"हे आमचे थोरले दादा," रामलिंगनं पाहुण्यांना सांगितलं. "ते शेजारचं रान ह्यांचं."

सगळ्यांनी माना वळवून शेजारचं रान बघितलं. परभणीच्या एकानं जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं. संघपाल मोठ्या मायेनं म्हणाला, "काका, राग मानू नका. पण एवढा जाणकार माणूस शेजारी असताना तुम्ही शेषेरावांना विचारत का नाही?"

"ग्रुपवर घ्या ह्यांना," बीडचा म्हणाला. "शेषेरावांचे सल्ले वाचतील तरी."

शेषेराव आंबिलीच्या मडक्याकडं बघत उभे होते. मडक्यात शिरता येतं का, एवढाच प्रश्न होता. रामलिंग मिशीत हसला. त्यानं पत्रावळ पुढं केली. "बस, दादा," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही जेवायला बस म्हणून. शेषेराव बसू शकले असते. जेवू शकले असते. पाहुणे जेवून परत गेले असते, अप्पा रामलिंगला मिठी मारून गेले असते, आणि उद्या सकाळी परत लिहिलं असतं, ‘शेषेराव, माझ्या हाताला गुण नाही.’

हे वाक्य काही त्यांना बसू देईना.

ते अप्पांपुढं जाऊन उभे राहिले. "अप्पा," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शेषेराव मी हाय."

"एनु?" अप्पांनी कानाला हात लावला. घाईत त्यांच्या तोंडी कानडी यायचं. "काय म्हणालात?"

"शेषेराव... मी हाय."

"एनु?"

ज्या माणसाला उभ्या जन्मात समोरच्या ओट्याला हाक मारता आली नाही, त्यानं डोळे मिटले, छातीत दम भरला, आणि ओरडला. "शेषेराव मी हाय! फोटू ह्या रामलिंगच्या रानाचं हायत! माजं रान ते पिवळं! मोकळं पानी मी दिलं! तुमचा हरबरा माज्या सांगन्यानं गेला!"

येळवशीला अख्खं शिवार माणसांनी भरलेलं असतं. तिकडं ओढ्यापर्यंतच्या कोपींमधले घास थांबले. दोन रानं सोडून बसलेल्या व्यंकटीनं उठून विचारलं, "काय झालं वो शेषेराव?" (तेवढीच ओळख पटायची राहिली होती.)

संघपाल फोनमधल्या फोटोकडं बघू लागला. सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. शेषेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांना वाटलं, अप्पा आता उठतील आणि गाडीत जाऊन बसतील. त्यांनी पायाशी बघितलं आणि वाट बघितली.

अप्पा उठले. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि ते उलटसुलट करून बघितले.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझ्या हाताचं काही चुकलं नाही?"

"न्हाई अप्पा!" शेषेराव परत ओरडले. "हात चांगला हाय! सांगनारा वंगाळ!"

"मी महांतेशला सांगून टाकलं होतं, रान बटईनं देऊन टाक म्हणून." अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यातच ते हसत होते. "अहो, रोज रात्री हाताकडं बघायचो!"

मग ते तरातरा निघाले आणि धुरा ओलांडून शेषेरावांच्या रानात गेले. एका पिवळ्या झाडापाशी बसले. त्याला लहान लेकरासारखं कुरवाळलं. "संघपाल, ये बघ!" ते ओरडले. "अगदी माझ्यासारखा! पान बघ, बूड बघ. अगदी सेम माझा!" उदगीरहून एवढ्या लांब येऊन कुणाच्या वाळक्या हरभऱ्यावर असा आनंद आजवर कुणी केला नसेल. शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अप्पा तिथून हलेनात. "मी हितंच जेवणार," ते म्हणाले. "पार्वतम्मा म्हणायची, शेषेरावांना धपाटे मागा... नाही, ती नव्हती तेव्हा. पण म्हणाली असती."

सिंधुबाईंच्या कोपीवर परका माणूस जेवला.

जेवणं झाल्यावर रामलिंग धुऱ्यापर्यंत आला. अलीकडं पाय ठेवला नाही. "फोटू काडायचा तर काड," तो शेषेरावांकडं न बघता म्हणाला. "पन इचारून काड. अन् ऊन पाठीवर घिऊन उबं ऱ्हा. हरबरा उनात पांडरा दिसतो." एवढं बोलून तो गेला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

निघताना संघपाल म्हणाला, "काका, ग्रुपवर आम्ही कुणी काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेषेराव धुऱ्यावर गेले. ह्या वेळी त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि नीट डावीकडे वळवला. पिवळी झाडं, मधल्या मोकळ्या जागा, काही म्हणून काही लपवलं नाही. मग धुऱ्यावर बसून, ऊन चढेपर्यंत, त्यांनी खाली लिहिलं, ‘हे माझं रान हाय. मोकळं पाणी देऊन मी घालवलं. आधीचे फोटो शेजारच्या रानाचे होते. माफी असावी.’ पाठवलं. छातीवरचा धोंडा उतरला. फोन मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

सिंधुबाई डबा घेऊन आल्या तेव्हा ते फोनकडं बघत तसेच बसले होते.

"काय म्हनतेत लोक? शिव्या द्यायलेत का?"

"न्हाई." शेषेरावांनी फोन पुढं केला.

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. एकानं लिहिलं होतं, "काका, सकाळी सकाळी थट्टा!" दुसऱ्यानं, "एवढं वाईट रान तुमचं असूच शकत नाही." आणि धर्माबादच्या कुणा ईश्वरप्पानं लांबलचक लिहिलं होतं. ते सिंधुबाईंनी अक्षराला अक्षर लावून वाचलं. "‘काका, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा शेतकरी पाहिला नाही. शेजाऱ्याच्या चुकीची लाज स्वतःच्या अंगावर घेता. त्या शेजाऱ्यानं तुमचे पाय धरावेत.’" खाली टाळ्याच टाळ्या.

सिंधुबाईंनी फोन परत दिला. एकदा उजवीकडच्या हिरव्या रानाकडं बघितलं, एकदा डावीकडच्या पिवळ्या.

"म्हंजे काल त्यांचं चांगलं रान तुमच्या नावावर हुतं," त्या म्हणाल्या, "अन् आज तुमचं वाळकं रान भावजींच्या नावावर गेलं."

शेषेरावांनी मान हलवली.

"त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका," सिंधुबाईंनी डब्याचं फडकं सोडलं. "आत्ता कुटं बोलाया लागलेत."